माप

पेठ रोडला, पत्र्याच्या रेशन दुकानात
मी काट्याजवळ उभा असतो.
मालक मशीन बघतो, मी माप टाकतो.
सतरा वर्षं माझं काम एवढंच:
काटा थरथरायचा थांबेपर्यंत
श्वास धरून ठेवणं.

येसनी भोये तिसऱ्या महिन्यात तिसऱ्यांदा आली.
सुतळीनं शिवलेली पिशवी, तिच्यात घडी घातलेली दुसरी,
एक गव्हाला, एक तांदळाला.
अंगठा ठेवला. पदराला घासला. पुन्हा ठेवला.
मशीन म्हणालं, जुळत नाही.
मग तर्जनी, मग डावा अंगठा,
मग दहाही बोटं,
जशी कुणी दहा दारं वाजवून बघावीत
आणि आतून कुणी ओ देऊ नये.

मखमलाबादच्या मळ्यांत
हिनं द्राक्षांचे घड औषधात बुडवलेत,
एकेक घड, एकेक ओळ, किती हंगाम कोण जाणे.
मणी फुगले, लांबट झाले, खोक्यांत बसून समुद्रापार गेले.
बोटांवरच्या रेषाही
बहुतेक त्यांच्याबरोबर गेल्या.

"पुढच्या महिन्यात बघू," मालक म्हणाला.
हे वाक्य मी काट्यामागून ऐकत आलोय
आणि पुढच्याची पिशवी धरत आलोय.

रांगेत पुढचा पुंजाराम निकाळे.
त्यानं तांदूळ घेतले, पिशवीचं तोंड उघडलं,
एक मूठ भरून तिच्यापुढे केली.
मग शकुराआपानं. मग आणखी कुणीतरी.
मला वाटलं, झालं. गोड झालं.
आता मान वर करता येईल.

येसनीनं पिशवीचं तोंड आवळलं.
"मूठ नको," म्हणाली. "मूठ माझ्या घरी बी हाय.
माझं नाव लिव."

पुंजारामचा हात हवेतच राहिला.
मग त्यानं ते तांदूळ परत आत टाकले,
पिशवी उंबऱ्यात ठेवली आणि शेजारी बसला.
"लिहीपर्यंत मी हलत नाही."
शकुराआपा बसली. रिक्षावाल्या पोरानं किल्ली खिशात घातली.
मागून कुणी ओरडलं, आमचा खाडा होतोय!
ते उगाच नव्हतं. खाडा म्हणजे दिवसाची चूल.
तरी तो गेला नाही. शिव्या देत उभा राहिला.

क्षेमकल्याणी नुसतं नाव कमी करायला आले होते,
मुलगा पुण्याला गेला म्हणून.
नाशिकरोडच्या छापखान्यात एकतीस वर्षं
नोटा उजेडापुढे धरलेला माणूस.
"बघू का?" त्यांनी विचारलं,
आणि तिनं हात पुढे केल्यावरही क्षणभर थांबले.
त्या क्षणात काय काय होतं
ते त्यांना ठाऊक. तिलाही.
मग अंगठा दोन बोटांत धरून
दारातल्या उन्हाकडे वळवला.
गुळगुळीत. मध्ये एक जुनी चीर, चिरेत काळं.
"बाद नाही," ते म्हणाले. "झिजलीय. पण चलनात आहे."
आधी येसनीच हसली.

मालकानं कपाटाखालून वही काढली.
अंगठा न जुळणाऱ्यांसाठीची.
वर कोळ्याचं जाळं, आत एकही नाव नाही.
वही पहिल्या महिन्यापासून तिथंच होती.
मला माहीत होतं.

साक्षीदार दोन लागतात. अकरा झाले.
शकुराआपानं उर्दूत सही केली, सावकाश, नुक्ते मोजून.
शिव्या देणाऱ्यानंही केली, शिव्या देतच.

मी माप टाकलं.
मागच्या दोन महिन्यांचं मिळालं नाही.
ते कुठल्या वहीत लिहायचं
कुणालाच सांगता येईना.

संध्याकाळी गोदेकाठानं घरी येताना
पोरं दोरीला लोहचुंबक बांधून
पाण्यातून नाणी ओढत होती,
लोकांनी पुण्यासाठी टाकलेली.
मी थांबलो. दिव्याखाली माझा अंगठा बघितला.
रेषा आहेत. सगळ्या. शाबूत.
सतरा वर्षं धान्य ओतूनही
एकसुद्धा झिजली नाही ती कशी?