कंडमची रेघ

मे महिन्यात, दुपारी दोनला, भुसावळात
माझ्या पत्र्याच्या शेडमध्ये कुणी
बर्फावर खेळायचे बूट घेऊन येईल
असं कुणी म्हटलं असतं, तर मी म्हणालो असतो,
ऊन लागलं भो तुला.

आली. बर्फ कारखान्यातल्या नारखेड्यांची दीक्षिता.
लोक विळे आणतात तशी
सुतळीच्या पिशवीतून काढली तिनं जोडी.
"काका, धार मारून देता? जानेवारीत लेहला कॅम्प आहे."
वर्षभर ही पोर रेल्वे इन्स्टिट्यूटच्या फरशीवर
चाकांच्या बुटांवर गरगर फिरते,
आणि आठ दिवसांसाठी बर्फ बघायला जाते.

तेहतीस वर्षं मी लोको शेडात चाकं कातली.
चाक रुळावर झिजतं, आम्ही त्याला गोल करून परत पाठवतो,
दर खेपेला थोडं पोलाद
निळं, कुरळं होऊन पायाशी पडतं.
चाकाच्या अंगावर एक रेघ कोरून आलेली असते.
झीज तिथवर पोचली
की साहेबाला विचारायचं नाही.
खडूनं फुली. कंडम.

या पात्याला रेघ नव्हती.
मला वाटलं होतं सुरी असेल, निघाली पन्हळ,
मधे खोलगट आणि दोन काठांना दोन धारा.
दोन रुपयांचं नाणं आडवं ठेवलं त्यावर.
कलंडलं.
धारेवरून नख ओढलं, पूड पडली नाही.
टाचेकडे गंजाचे खड्डे, देवीच्या व्रणांसारखे.
मधोमध पोलाद उरलेलं
करंगळीच्या अर्ध्या नखाएवढं,
त्याच्यावर लगेच पांढरं प्लास्टिक.

"वळताना काय होतं?"
"आडवी झाले ना काका, की प्लास्टिक टेकतं बर्फाला,
पाय निघूनच जातो."
मग जरा थांबून,
"मला वाटायचं, मलाच येत नाही."

दोन हिवाळे.
दोन हिवाळे ती पडत होती
आणि घरी येऊन रात्री गच्चीत उठाबशा काढत होती.

संध्याकाळी आम्ही कारखान्यात गेलो.
तिच्या बापानं गोणपाटावर लादी ठेवली,
त्रेचाळीस अंश, लादीतून वाफा,
दोन हमाल बिड्या विझवून बघायला उभे.
बापाचा खांदा धरून ती चढली, एक पाय तिरका टेकला.
प्लास्टिक कचकन वाजलं.
बाप माझ्याकडे बघायला लागला.

म्हटलं, नारखेडे, धार मी देईन,
दगडावर धरलं तर आत्ताही येईल, तीन दिवस टिकेल.
पोलाद कुठून देऊ?
बूट राहू द्या. बूट चांगला आहे, घोटा घट्ट धरतो.
पातं तेवढं नवं मागवा.

किती? त्यानं विचारलं.
तिनं आकडा सांगितला. तो काही बोलला नाही,
लादीवर गोणपाट ओढून घेतलं,
जणू तीच पैसे मागत होती.

पातं आलं श्रावणात, दिल्लीहून, पुठ्ठ्यात गुंडाळून.
भरपूर उंच. चेहरा दिसावा असं.
बसवायच्या आधी म्हटलं, जरा दे इकडे.
चष्मा पुसला, पोलादी पट्टी लावली,
दोन्ही पात्यांच्या बाजूला, प्लास्टिकपासून बोटभर आधी,
टोच्यानं रेघ ओढली. केसासारखी.

"इथवर आलं की कुणाला विचारू नको," म्हटलं,
"आणि स्वतःला शिव्या तर देऊच नको."
तिनं रेघेवरून अंगठा फिरवला.
"दिसत नाही फारशी."
"दिसेल. जवळ आली की दिसते."

जुनी पाती ती शेडमध्येच विसरून गेली.
एकाची पन्हळ घासून सपाट केली, बाभळीची मूठ बसवली.
बायको त्यानं भरिताच्या वांग्यांना चिरा देते.
थोडंच पोलाद आहे.
वांग्याला पुरतं.