गोत्तिल्लव्वा

विहाराची पाटी दोन लिप्यांत.
वर कन्नड, खाली मराठी.
एका वर्षी कुणी खालच्या ओळीवर डांबर ओतलं,
पुढल्या वर्षी कुणी वरच्या.
आता पत्र्यावर धड दिसतं ते फक्त मधलं चाक.
रंगाऱ्यानं आऱ्या सातच काढल्यात.
मी मोजल्यात.

निपाणीत पौर्णिमेलाही तंबाखूचाच वास.
वखारींना कुलपं असली तरी
खकाणा गल्लीत फिरतो,
नवा माणूस शिंकतो, आम्हाला हसू येतं.
आई पांढरं लुगडं नेसून निघायची,
नखं मात्र पिवळी.
लिंबानं घासून झाली होती, राखेनंही.

ती सांगायची, भांडान पान्याचं हुतं बग.
रोहिणी नदी. हिकडं शाक्य, तिकडं कोलीय.
आदी बांध, मग काठ्या,
मग सभा, मग लढाईचा ठराव.
येकच पोरगा उबा ऱ्हायला, न्हाई म्हनाला.
न्हाई म्हनल्यापायी घर सुटलं त्येचं,
बायकू सुटली, तान्हं सुटलं.
'मग?'
'मग काय. नदी हुतीच की तितं.'

दूधगंगेच्या पुलावर बस अडवतात,
कंडक्टर दिवे मालवून बसतो,
तेव्हा मला तो पोरगा आठवतो.

भंते नागधम्म कलबुर्गीकडचे.
मराठी समजायची, तोंडात यायचं कन्नड.
वंदना पालीत. ती दोन्ही घरची नव्हे,
म्हणून सगळ्यांना सारखीच अवघड.
संकेश्वरची पोरं 'वेरमणी'तला ण जड म्हणत,
आम्ही हलका,
आणि बुद्ध मधे बसून दोन्ही ऐकत.

त्या वैशाखात पाच शीलं म्हणून झाली.
सुरामेरय... मज्ज... पमादट्ठाना...
लोक खिरीच्या वासानं चुळबुळायला लागले,
आणि आई उभी राहिली.
'भंते, हजार इड्या वळतो मी रोज.
चाळीस कट्टं. वीस वर्सं झाली.
आठातलं येक सम्यक आजीविका,
तुमीच शिकिवलासा.
माजं पोरगं ह्या इडीवर शिकलं.
कुनाचं तरी ह्या इडीनं खोकून मेलं आसंल.
मग माजं ह्ये कशात धरायचं?'

शेजारणीनं तिचा पदर ओढला, बस म्हणून.
मला लाज वाटली.
कॉलेजात होतो, लाज वाटायचं वय.
एक मेणबत्ती पंख्यानं विझली,
ती कुणी पुन्हा लावली नाही.

भंतेंनी खांद्यावरचं चीवर सारखं केलं.
तृष्णेबद्दल बोलतील, वाटलं.
दुःख, त्याचं मूळ, त्याचा शेवट,
सगळं पाठ होतं त्यांना, आम्हालाही.
'गोत्तिल्लव्वा,' ते म्हणाले.
मग मराठीत, चाचरत,
'मला... माहीत नाही, आई.'

घरी येताना मी चिडलो.
हे काय उत्तर झालं?
आई चपलेचा तुटका अंगठा सावरत चालत होती.
'खरं बोलला. चवतं शील पाळलं त्येनं.
माज्यासाटी पाचवं वाकवून दिलं आसतं,
तर म्होरल्या पुनवंला मी गेले नसते.'

सकाळी पुन्हा सूप मांडीवर,
ओलं टेमरूचं पान, कात्री,
दोऱ्याचा फेरा, नखानं तोंड दाबायचं.
संध्याकाळी चेकरनं तीस विड्या छाटल्या,
पैसे कापले. आई काही बोलली नाही.
त्या दिवशी मला ते शहाणपण वाटलं,
आता वाटत नाही.

वर्षावासात एके दुपारी भंते गल्लीत आले.
पोथी नव्हती हातात.
आमच्या उंबऱ्यापाशी पोत्यावर बसले,
हजारी किती मिळते, विचारलं, ऐकलं,
पुन्हा एकदा विचारलं.
मग गप्प बसून
तिचे हात बघत राहिले.
खकाणा नाकात गेला. शिंकले.
पुन्हा शिंकले, डोळे पुसले.
आईला हसू आवरेना,
हसताना तिचा कट्टा मोजायचा चुकला,
पहिल्यापासून मोजू लागली.

ते उठले नाहीत.