चौथा रकाना

रावपुऱ्यात, रात्रपाळीच्या टेबलावर
माझी एक वही असते, निळ्या पुठ्ठ्याची.
नाव, तक्रार, मला काय वाटलं,
आणि पट्टीने आखलेला चौथा रकाना:
पुढे काय झालं.
चार वर्षं तो कोराच.
पानं उलटताना दिसायचा वरून खालपर्यंत
केसांतल्या भांगासारखा.

तसं कळायचंही थोडंफार.
बरे झालेले पेढे घेऊन यायचे,
"बेन, मोढुं मीठुं करो."
सत्तावीस डबे. मी मोजलेत.
जे आले नाहीत ते बरे झाले असतील,
म्हणूनच आले नसतील,
असा माझा हिशेब.
मेलेल्याच्या घरून कुणी डबा आणत नाही
हे मला, एमडी होऊनही,
पागेदारांनी सांगावं लागलं.

पागेदार रेकॉर्ड रूममध्ये. निवृत्तीला सात महिने.
दर मंगळवारी फोन घेऊन बसतात.
आपण पुढे पाठवलेले, आपण घरी सोडलेले,
एकेकाची चौकशी करतात
आणि पाठकोऱ्या कागदावर उतरवतात.
हळहळ नाही, शाबासकी नाही.
चिठ्ठी माझ्या चहाच्या बशीखाली सरकवून
निघून जातात.

पहिली आली ती अशी:
जसुभाई परमार, ५२, रिक्षा, वाडी.
आपण: गॅस.
तिथे: हृदय.
तिसऱ्या दिवशी पहाटे.

मला आठवला. खिशात सुटे पैसे वाजत होते.
"गॅस छे, बेन," तोच म्हणाला,
मी मान डोलावली,
शेव-उसळ बंद करा म्हटलं.
हसला होता. मीही.
मग मी त्या रात्रीत पुन्हा जाऊन पाहिलं,
घाम होता का?
मे महिना होता, पंखा बिघडलेला.
घाम सगळ्यांनाच होता.

घरी जाताना विश्वामित्रीच्या पुलावर
लोक कठड्याला टेकून मगर शोधत असतात.
पाणी शांत दिसलं की म्हणतात, आज नाही.
आणि स्कूटर सुरू करतात.

दुसरी चिठ्ठी:
हफीजा शेख यांचा मुलगा, ६, तांदळजा.
आपण: मान ताठ वाटते, आत्ताच्या आत्ता न्या.
तिथे: मेंदूज्वर. वेळेत पोचला.
शाळेत जातो. डाव्या कानाने कमी ऐकू येतं.

हा मात्र आठवेना.
डोळे मिटून बसले तरी
ना मूल, ना आई, ना ती रात्र.
वहीतलं अक्षर माझंच होतं.

काल परत एकजण, छातीवर हात.
"गॅस छे, बेन."
कार्डिओग्राम काढला. चांगला.
वीस मिनिटांनी पुन्हा. पुन्हा चांगला.
रक्त पाठवलं. तो खवळला, उगाच खर्च,
बायकोला म्हणाला, नवी दिसते ही.
गॅसच होता.
मी जिन्यापर्यंत गेले त्याच्यामागे,
पावती राहिली म्हणत.
पावती त्याच्याच हातात होती.
मला बघायचं होतं
तो पायऱ्या कशा उतरतो.

आजची चिठ्ठी:
रेवाबेन. आडनाव नोंदलेलं नाही.
फोन बंद. पत्त्यावर कुलूप.
"हे कोरं राहू द्या," पागेदार म्हणाले.
मी चौथ्या रकान्यात शाईने लिहिलं:
माहीत नाही.
त्यांनी चष्मा लावला, वाही जवळ ओढली,
दोनच शब्द, पण वेळ घेऊन वाचले.
"तारीख टाका," म्हणाले.