डावा खालचा कोपरा

यंत्राने डॅनिशमध्ये कळवलं, अदबीने,
की ऑक्टोबरनंतर ते माझी जबाबदारी घेणार नाही.
पुढची आवृत्ती तुमच्या यंत्राला पेलायची नाही, म्हणालं.
नवं घ्या.
मी लोकरीचा हिशेब मिटला, कॉफी ठेवली.
सूवुरोय बेटावर नवं यंत्र बोटीने येतं
आणि बोट येते वाऱ्याला विचारून.

हानुस आला, बहिणीचा मुलगा,
ट्रॉलरवरून सुटीवर, हातांना अजून मासळीचा वास,
खिशात अंगठ्याएवढा पेनड्राइव्ह.
"यात सगळं आहे, मावशी. आणि फुकट."
फुकट म्हटलं की माझे कान उभे राहतात.
फुकट मेंढी दिली कुणी, तर आधी तिचे दात बघावेत.
"फुकट म्हणजे उघडं. आत काय चाललंय ते कुणीही बघावं."
मला आत बघायचं नाही, म्हटलं,
मला मंगळवारपर्यंत पावत्या छापायच्यात.

मंगळवारी पावत्या छापल्या नाहीत.
गुरुवारीही नाहीत.
प्रिंटर नुसता घसा खाकरायचा.
त्याहून वाईट म्हणजे हात.
एकवीस वर्षं तो डाव्या खालच्या कोपऱ्यात जात होता,
मला न विचारता,
अंधारात न्हाणीघराच्या बटणाकडे जावा तसा.
आता तिथे काहीच नव्हतं.
जायचा, रिकामा परत यायचा,
आणि मी हानुसच्या सगळ्या खानदानाला,
म्हणजे माझ्याच,
शिव्या घालायची.

शुक्रवारी एका पत्राच्या वर
एक शब्द दिसला. गोईम.
जपून ठेव.
इतकी वर्षं त्या जागी डॅनिश शब्द होता,
शाळेतल्या बाईंसारखा, बरोबर आणि परका.
गोईम आई म्हणायची,
उरलेल्या दोऱ्याला, सुतळीच्या तुकड्याला,
भांडणात ओठांपर्यंत आलेल्या एखाद्या वाक्यालासुद्धा.

"हे कुणी लिहिलं?"
हानुसने कुठेतरी दोनदा टिचकी मारली.
यादी उघडली. चारच नावं.
तिसरं, वरच्या आळीतला सोफुस.

सोफुस पोस्टमन होता.
पंधरा वर्षांत माझ्याशी पंधरा वाक्यं बोलला असेल,
त्यातली दहा हवेबद्दल.
रात्री दोन-दोनपर्यंत त्याच्या खिडकीत दिवा असायचा.
गाव म्हणायचं, पितो.
मीही म्हणायची.
सोसायटीच्या सभेत एकदा त्याच्या देखत म्हणाले, हसत.
तो हसला नाही, चिडलाही नाही.
टोपी घातली आणि पत्रं वाटायला गेला.

त्याला पुरून सहा हिवाळे झाले.

रविवारी प्रिंटरला कंठ फुटला.
पावत्या आल्या, जरा तिरक्या.
मी मात्र मेनूच वाचत बसले,
एकेक ओळ, खालपर्यंत,
गेलेल्या माणसाची वही हाती लागावी तसे.
छापा. मागे घ्या. नक्की पुसायचं?
एवढ्या रात्री, एवढ्या ओळी,
आणि आम्ही पाचेक हजार माणसं या बेटावर,
त्यातली निम्मी यंत्राला हात न लावणारी.
एका ठिकाणी अक्षरावरची खूण राहिली होती.
"सुधारता येतं का हे?"
"कुणालाही येतं. तुलाही."
सुधारलं. त्यातच दुपार गेली.

पण कचऱ्याच्या टोपलीखाली त्याने लिहिला होता
फक्त आमच्या खाडीत चालणारा शब्द,
घरामागच्या उतारावर राख टाकतात त्या जागेचा.
उत्तरेकडच्या बेटांवर कुणाला कळायचा नाही.
"ही पण चूकच ना?" हानुस म्हणाला,
बोटं कीबोर्डवर तयार.

मी वरच्या आळीकडे बघितलं.
त्या घरात आता उन्हाळ्यापुरते पाहुणे उतरतात,
खिडकी काळी होती.

"ते असू दे," म्हटलं,
आणि हात परत गेला
डाव्या खालच्या कोपऱ्यात.