अर्थ

सकाळी साडेसहाला चावी फिरवली
की घशात कफ अडकल्यासारखं
घऽऽ… घऽऽ… एवढंच म्हणायची,
आणि हेडलाइटचा उजेड
वात खाली केलेल्या कंदिलासारखा बसायचा.

एकोणसत्तरची हेराल्ड.
श्रीनगरच्या उतारावर तोंड खाली करून लावायचो,
म्हणजे धक्का मारायला
तळमजल्यावरच्या गुरव बंधूंना
दात घासता घासता बाहेर यावं लागू नये.

काय काय केलं त्याची यादी
फ्रिजवर चुंबकाखाली अजून आहे.
नवी बॅटरी, चार हजार आठशे.
स्टार्टर उतरवून बुश, कार्बन, सगळं नवं.
जाड ऑइल काढून पातळ.
बॅटरीचे खांब पॉलिश पेपरने
लग्नातल्या समयांसारखे लख्ख.
खोटं कशाला बोलू, एक नारळसुद्धा.
नारळ एका फटक्यात फुटला.
गाडी घऽऽ.

शेवटी वागळे इस्टेट, रोड नंबर सोळा,
बंद पडलेल्या बॉबिन कारखान्याच्या भिंतीला टेकून
दस्तगीर मुलाणीचं दुकान: एक बाकडं, एक छत्री.
त्यानं बॉनेट सगळंच्या सगळं पुढे कलंडवलं
आणि पुढच्या चाकावर जाऊन बसला,
विहिरीच्या काठावर बसावं तसा.
कुठेही हात लावला नाही.
‘मारा,’ म्हणाला. मी मारला. घऽऽ.
‘अजून.’ घऽऽ.

मग मीटर.
एक सुई बॅटरीच्या मायनसवर,
दुसरी इंजिनाच्या उघड्या अंगावर.
‘इथं शून्य पायजे. पाव आला तरी चालवून घेतो मी.
मारा.’
काचेतून मी आकडा वाचला: तीन पूर्णांक एक.

‘काका, गाडीला अर्थच न्हाई बगा.’

चौतीस वर्षं मराठी शाळेत शिकवलं मी.
आठवी ब ला संदर्भासह अर्थ लिहा, पाच गुण.
मी चावी तशीच धरून बसलो.

‘करंट जातो तेवढा परत याया लागतो.
जायला ही लाल वायर, बोटाएवढी.
याया काय?’
त्यानं बॅटरी दाखवली तिथून खाली वाकलो.
इंजिन रबराच्या गाद्यांवर बसलेलं,
चासीला कुठे अंग लागू न देता,
आणि दोघांमध्ये तांब्याची एक चपटी वेणी,
हिरवी, ताठ,
तीन-चार केसांवर लोंबणारी.

मग इतके दिवस परत कुठून जात होता?

दस्तगीरनं हनुवटी वर केली.
कार्बोरेटरपासून डॅशबोर्डपर्यंत
सायकलच्या ब्रेकसारखी बारीक तार.
चोकची.

शेजारच्या सीटवर कुमुदिनी.
चोक ओढायचं काम तिचं,
या गाडीत ती आली त्या दिवसापासून.
ती माझ्याकडे बघत नव्हती.
पर्समधून रुमाल काढून उगाच घडी घालत होती.
‘गणपतीपासून सांगतेय,’ म्हणाली,
‘चोक हाताला चटका देतो.’

सांगत होती.
मी म्हणालो होतो, गाडी आहे, तापणारच.
असंही म्हणालो होतो की तुझे हातच नाजूक.

त्यानं एक जम्पर केबल
इंजिनाच्या कानाला आणि मायनसला चावायला लावली.
‘मारा.’
पहिल्या फेरीतच गाडी एवढी पटकन बोलली
की छत्रीखालचं मांजर बाकड्यावरून पडलं.

वेणी: एकशे चाळीस रुपये.
बोल्ट गंजलेला, त्याचे दहा.
मजुरी विचारली तर म्हणाला, चहा सांगा.
जुनी वेणी मी मागून घेतली.
कशाला, ते मलाही सांगता आलं नसतं.

परतताना कॅडबरी जंक्शनला सिग्नल लागला.
इंजिन एकसारखं चाललं होतं.
मी बोलत होतो, वेणी, रेझिस्टन्स, दस्तगीरचं डोकं,
रिकाम्या वर्गाला शिकवावं तसा.
तिनं चोकच्या मुठीला बोट लावून बघितलं,
काढलं, परत लावलं.
मग म्हणाली,
‘उजवीकडचं इंडिकेटर हल्ली
डावीकडच्यापेक्षा घाईघाईनं मिचकतं.’

सिग्नल हिरवा झाला होता.
मागून रिक्षावाले ओरडत होते.
मी गाडी कडेला घेतली,
उतरलो,
आणि मागे जाऊन बघितलं.