रेघेपर्यंत

खाणीत मी पाण्याचा टँकर चालवतो.
तीस हजार लिटर, पाळीत पाच फेऱ्या,
नुसते रस्ते भिजवायचे, धूळ उठू नये म्हणून.
आरशात मागे पाहावं
तर शिंपडलेलं वाळूनही गेलेलं.
कालामाची हवा अशी.
ओठांवरून जीभ फिरवा, तेवढीही ओल ठेवून घेते.

घरी आलो की बूट दाराबाहेर,
कोपरापर्यंत हात धुवायचे
आणि अमारोच्या पलंगाशी वाकून
वाटीएवढ्या डब्यात पाणी भरायचं.
बाटलीतलं, निर्जंतुक. नळाचं नाही,
त्याने आमच्या किटलीला आतून पांढरं अस्तर लावलंय.
कालचं उरलेलं ओतून द्यायचं,
त्याच्यावर नवं चढवायचं नाही.
काळ्या रेघेपर्यंत, बस.
यास्नाने हे पहिल्या आठवड्यात तीनदा सांगितलं,
चौथ्यांदा नुसतं पाहिलं.

नाक कशाला असतं
हे मुलाच्या गळ्याला भोक पडेपर्यंत मला ठाऊक नव्हतं.
वाटायचं, वास घ्यायला, शिंकायला,
मामासारखं दिसायला.
ते रात्रंदिवस हवा शेकत, ओलावत बसलेलं असतं
आणि बोलून दाखवत नाही.
आता ते काम ही तापती बशी करते.
तिचं बिल येतं.

गेल्या ऑगस्टात रात्रपाळी करून आलो,
भरतोच म्हणून टेकलो, डोळा लागला.
डबा कोरडा पडला.
त्याच्या गळ्यात डिंक झाला.
यंत्र ओरडलं. मी नाही,
यास्ना उठली, एका पायात चप्पल,
एकटीने गळ्यातली नळी बदलली.
ओठ पुन्हा ओठांच्या रंगाचे व्हायला
किती वेळ लागला, ते मी सांगू शकत नाही.
त्या रात्री मी दीड लाख लिटर पाणी
रस्त्यावर ओतून आलो होतो.

ती काही बोलली नाही.
सकाळी मार्कर घेऊन रेघ पुन्हा गिरवली. जाड.

रविवारी नळ्या साबणाच्या कोमट पाण्यात.
वाळवायच्या न्हाणीघरात, बाहेर धूळ.
शेजारची ओर्तेन्सिया डोकावून विचारते,
दारू गाळता की काय?
वीज गेलीच तर उशाशी बोटाएवढं नकली नाक आहे.
ते आणि बशी एकत्र कधीच नाही, हेही यास्नाचंच.

पहाटे वाळवंट गारठतं.
नळीच्या आत थेंब धरतात,
एकमेकांना गाठत, जाड होत, सरकू लागतात.
अमारो बोट दाखवतो.
फटीतून निसटेल तेवढ्याच हवेत म्हणतो,
‘पापा, टँकर.’
मी नळी त्याच्याकडून उतरती धरतो,
पाण्याच्या सापळ्याकडे, त्याच्या दिशेला थेंबही नको.
‘रिकामा कर.’
करतो.
‘अजून एक...’
इथे त्याचा श्वास संपतो.
यंत्र पुढचा भरतं,
तो शांतपणे थांबतो,
आणि मग उरलेला शब्द:
‘आला.’