तिसऱ्या दाराची किल्ली

पावडर दोन लिटर पाण्यात ढवळली.
लिंबाची चव, म्हणे. लिंबाला कळलं तर रडेल.
सात ते नऊ, दर पंधरा मिनिटांनी एक पेला.
आमच्या मजल्यावर बिऱ्हाडं अठरा, संडास तीन.

कुणाला सांगणार नव्हते मी.
दादाही नव्हता सांगत.
दोन वर्षं "मूळव्याध आहे" म्हणत राहिला,
शेवटी वहिनीनंच चादर पाहिली.
एकोणपन्नासावं सरायचं होतं.
डॉक्टर म्हणाले, सख्ख्या भावंडांनी तपासून घ्या.
धाकट्यानं विषय बदलला.

कुडतरकर मावशींनी पातेलं बघितलं
आणि माझं तोंड.
आपल्या वाटणीच्या दाराची किल्ली हातात ठेवली,
बाहेर खडूनं लिहिलं:
आज रात्री हे वैजूचं.
मेल्याहून मेल्यासारखं झालं.
पण गॅलरीतला दिवा रात्रभर कुणी विझवला नाही
आणि बादली दर वेळी भरलेली.
कोण भरत होतं, पाहिलं नाही.

सकाळी परळ.
कुशीवर वळा, गुडघे पोटाशी घ्या.
मग एकदम डॉक्टर फोटो दाखवत होते:
गुलाबी, ओलसर बोगदा,
भिंतीला चिकटलेला मसुराएवढा कोंब.
"काढून टाकला. राहिला असता तर वाढला असता कदाचित.
तीन वर्षांनी पुन्हा या."

दादाच्या पोटातही कधीतरी
एवढंच असणार.
कधी? तो लालबागच्या नाक्यावर उभा राहून
मिसळ खात असताना?

खडू पुसट झालाय. किल्ली
अजून परत दिलेली नाही.
धाकट्याला फोन लावलाय.
वाजतोय.